शेवंती घोडीचा दावा

तारखेच्या दिवशी लोणखेड्याच्या भिकन कोळ्याचा सगळा कार्यक्रम ठरलेला असायचा. घोडीला वैरण घालायची, खरारा करायचा, धनुबाईने बांधून दिलेली भाकरी पिशवीत टाकायची आणि दहाच्या आत शहाद्याच्या कोर्टाचा व्हरांडा गाठायचा. तीन वर्षं हेच चाललं होतं. पहिल्या वर्षी तो ठेवणीतला पांढरा सदरा घालून जायचा, दुसऱ्या वर्षी हाताला लागेल तो. आता खांद्यावर घोडीचे केस तसेच असायचे आणि ते झटकायचाही त्याला कंटाळा यायचा.

दावा सोपा होता, निदान कागदावर तरी. म्हसावदच्या सुगंधाबाईच्या मुलाच्या लग्नात भिकनच्या घोडीने सुगंधाबाईला लाथ मारली. मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसली, बाई काठीवर आली. ज्याची घोडी त्याने भरपाई द्यावी, असं तिचं म्हणणं होतं. तिचं म्हणजे तिच्या वकिलाचं, आणि तो वकील आणून बसवला होता तिच्या जावयाने, दिग्विजयने. दावा हरला तर घोडी विकावी लागणार हे भिकनला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण विकण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

पण भिकन वाट बघत होता ती निकालाची नव्हे. त्याला एक वाक्य ऐकायचं होतं, सुगंधाबाईच्या तोंडून. ते वाक्य काय, हे कळायला आधी माणूस कळला पाहिजे.

भिकनचा बाप शहाद्यात टांगा चालवायचा. रिक्षा आल्या, टांगा गेला, घोडा राहिला. बाप गेल्यावर भिकनने त्या घोड्यावर नवरदेव बसवायला सुरुवात केली आणि चाळीस वर्षांत त्याच्या घोड्यांवरून इतके नवरदेव मांडवात गेले, की त्यातल्या कित्येकांच्या मुलांनाही पुढे त्यानेच पोचवलं. शेवंती ही त्याची चौथी घोडी. पांढरी, नाकावर तांबूस ठिपके. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली तेव्हा ती पिशवी फडफडली तरी बिचकायची. भिकनने तिला दोन वर्षं घरीच ठेवली. धनुबाई तिच्याजवळ बसून डबा बडवायची, भिकन तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहायचा. शेजारीपाजारी म्हणायचे, या म्हातारा-म्हातारीला झालंय तरी काय.

डीजे आले तसा भिकनने एक उपाय काढला. वरातीला निघण्याआधी तो शेवंतीच्या कानांत कापसाचे बोळे घालायचा आणि वरून जरीच्या टोप्या चढवायचा. लोकांना वाटायचं सजावट आहे. घोडी आपली शांतपणे, जणू दुसऱ्याच गावात असल्यासारखी, त्या गोंगाटातून चालत राहायची. भिकन तिच्या डाव्या खांद्याशी, लगाम मुठीत. त्याला नाचणाऱ्यांचा राग यायचा, बँडवाल्यांचा यायचा, फटाक्यांचा तर फारच यायचा, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. लग्नघरी घोडीवाल्याचं तोंड बंदच बरं असतं.

आता त्या वाक्याचं. या भागात बैलाने कुणाला शिंग लावलं, म्हशीने ढुशी दिली, तर जनावराच्या मालकाने पहिलं काम करायचं ते जखमीच्या घरी जाण्याचं. उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या आणि म्हणायचं, "मन्हं जनावर, मन्ही चूक." चूक खरोखर कुणाची, हे तिथे कुणी पाहत नाही. मग त्या घराने उत्तर द्यायचं, "जनावर शे. त्याले काय समजस?" आणि पाण्याचा तांब्या पुढे करायचा. पाणी प्यायलं की मनातलं मिटलं. औषधाचं कसं, शेतातलं काम कोण उरकणार, हे सगळं मग त्या तांब्यानंतर बसून ठरवायचं. भिकन तरुण असताना शेजारच्या बैलाने त्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. श्वास घेतला तरी कळ यायची, तरी बैलाचा मालक दारात आल्यावर भिकनने पडल्या पडल्या आपल्या वाटणीचं म्हटलं होतं. धनुबाईने तांब्या दिला होता. तो माणूस पुढे महिनाभर भिकनच्या घोड्याचं चारापाणी बघत होता.

म्हसावदचं ते लग्न वैशाखातलं. नवरदेव लखन, सुगंधाबाईचा एकुलता मुलगा. वरात ठीक चालली होती. तिकडे एक पद्धत आहे, की शेवटच्या कोपऱ्यापासून मांडवापर्यंत नवरदेवाचा लगाम घरच्या जावयाने धरायचा. त्याचा तो मान असतो, टॉवेल-टोपी मिळते. भिकनने आजवर शंभर जावयांच्या हातात लगाम दिला असेल आणि दर वेळी आपण पाऊलभर मागे, हात घोडीच्या मानेवर ठेवून चालला असेल. त्या दिवशी ऊन इतकं होतं की त्याला गरगरायला लागलं. दिग्विजयने लगाम घेतला तसा भिकन रस्त्याकडेच्या निंबाखाली पाणी प्यायला थांबला. ग्लासभर पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच.

दिग्विजयला घोडी नाचायला हवी होती. घोडी नाचत नाही हे बघून त्याने तिच्या टोप्या वर केल्या, आत कापूस दिसला, तो उपटून फेकून दिला आणि लगामाला हिसके द्यायला लागला. त्याच वेळी कुणीतरी फटाक्यांची लड पेटवली. लखनचा शेला खांद्यावरून घसरला होता आणि तो सावरायला सुगंधाबाई मागून घोडीच्या अगदी जवळ गेली होती. भर वरातीत मुलाचा शेला आईशिवाय दुसऱ्या कुणाला दिसणार?

भिकनने ग्लास टाकला आणि धावला. तो पोचला तेव्हा बाई रस्त्यावर पडली होती आणि शेवंती थरथरत एका जागी उभी होती. लगाम जमिनीवर लोळत होता.

तिसऱ्या दिवशी भिकन नंदुरबारला दवाखान्यात गेला. खोलीच्या दाराबाहेर त्याने चपला काढल्या. खाटेवर सुगंधाबाई डोळे मिटून पडली होती, पायाला वजन बांधलेलं. उशाशी तिची मुलगी आशा आणि खिडकीजवळ दिग्विजय. भिकनने हात जोडले.

"मन्ही घोडी, मन्ही चूक," तो म्हणाला. आणि मग पद्धतीत नसलेलं एक वाक्य त्याच्या तोंडून निघून गेलं, कारण ते तीन दिवस त्याच्या घशात अडकलं होतं. "लगाम मी सोडाले नको व्हता, माय."

सुगंधाबाईने डोळे उघडले. तिने त्याच्याकडे पाहिलं, ओठ हलवले. पण दिग्विजय मध्ये आला, म्हणाला, "तिले बोलाले लावू नका, डॉक्टरनी मनाई शे." त्याच्या हातात मोबाईल होता आणि तो मोबाईल त्याने सगळा वेळ छातीशी उभा धरला होता. भिकन दारात बराच वेळ थांबला. कुणी पाणी दिलं नाही. मग त्याने चपला घातल्या आणि एसटीने घरी आला. धनुबाईने विचारलं, "काय म्हननी ती?" तो म्हणाला, "काहीच नही." त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही.

दोन महिन्यांनी समन्स आलं. सोबतच्या कागदांत लिहिलं होतं, की प्रतिवादीने दवाखान्यात येऊन स्वतःच्या तोंडाने चूक कबूल केलेली आहे आणि त्याचं चित्रीकरण वादीजवळ आहे.

वकील द्यायची भिकनची ऐपत नव्हती. तालुक्याच्या विधी सेवेतून त्याला फुकट वकील मिळाली, रंजना नावाची. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं तडफदार, पण त्याच्याशी बोलताना आवाज आपोआप खाली यायचा. तिने ते चित्रीकरण दोनदा पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, हे कशाला बोललात तुम्ही?"

"म्हननं पडस, ताई."

"कोण म्हणतं म्हणावं लागतं? कायद्यात नुसतं मालक असून भागत नाही. जनावर त्या वेळी कुणाच्या ताब्यात होतं, त्याने काळजी घेतली का, घोडीला लाथ मारायची खोड आहे हे तुम्हाला आधी माहीत होतं का, हे सगळं बघतात. घोडी तुमच्या ताब्यात नव्हतीच. लगाम जावयाकडे, कापूस त्याने काढला. आणि तुम्ही मात्र दारात उभे राहून सगळं स्वतःवर घेतलंत." ती थांबली. "बरं, खोड आहे का तिला? आधी कुणाला मारलंय?"

"माले मारेल शे एक डाव. नाल ठोकताना."

"हे आपणहून कुठे सांगू नका."

"इचारं तर?"

रंजना हसली, पण तिच्या हसण्यात थकवाच जास्त होता. तिने कैफियतीत खरं ते लिहिलं, लगाम जावयाकडे होता म्हणून. दिग्विजयने शपथेवर सांगितलं की आपण लगामाला हातही लावला नाही. लग्नाच्या शूटिंगमध्ये नवरदेवाचं तोंड होतं, नाचणाऱ्यांचे पाय होते, लगाम कुठेच नव्हता. वरातीतल्या लोकांना विचारलं तर जो तो त्या वेळी नेमका दुसरीकडे बघत होता. घरच्या जावयाविरुद्ध कोर्टात कोण उभं राहणार? आणि भिकनला त्यांचा रागही आला नाही. राग यायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते.

मधल्या काळात शेवंतीचं काम जवळजवळ बंद झालं. लाथ मारणारी घोडी म्हणून तिचं नाव झालं. भिकन मजुरीला जायला लागला, बासष्टाव्या वर्षी, दुसऱ्यांच्या केळीत. संध्याकाळी येऊन घोडीपुढे चारा टाकायचा आणि तिथेच बसायचा. धनुबाई अधूनमधून उसळायची. "तुम्ही कसाले बोलनात? तोंड बंद ठेवाले काय व्हयतं?" तो घोडीपुढचा चारा सारखा करत राहायचा. खरं म्हणजे त्यालाही आता कळेनासं झालं होतं. आपण आपल्या वाटणीचं म्हटलं, समोरून उत्तर आलं नाही, मग आपलं बोलणं अजून त्या दवाखान्याच्या दारातच पडून आहे का? सुगंधाबाईने तेव्हा ओठ हलवले होते. ती काय म्हणणार होती? दर तारखेला तो व्हरांड्यात तिच्याकडे बघायचा. ती मान खाली घालून दिग्विजयच्या मागून काठी टेकत जायची.

या फाल्गुनात तिच्या उलटतपासाची तारीख लागली. कोर्टात पंखे फिरत होते आणि गरम हवाच इकडची तिकडे करत होते. सुगंधाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. जजसाहेबांनी बसून बोला म्हणून सांगितलं, तरी ती उभीच राहिली. भिकन मागच्या भिंतीला टेकून उभा. दिग्विजय पहिल्या बाकावर.

रंजनाने आडवेतिडवे प्रश्न विचारले नाहीत. लग्न, वरात, कोपरा, असं करत ती थेट आली. "तुमच्याकडे शेवटच्या कोपऱ्यापासून लगाम कोण धरतं?"

"जावाई," सुगंधाबाई म्हणाली.

"तुमचे जावई कोण?"

"दिग्विजयराव."

"मग घोडीने लाथ मारली तेव्हा लगाम कुणाच्या हातात होता?"

टायपिस्टची बोटं थांबली. सुगंधाबाईने पहिल्या बाकाकडे पाहिलं आणि लगेच नजर काठीवर आणली. भिकनला तिच्या मनातलं सगळं दिसलं. तिच्यासाठी त्या बाकावर नुसता दिग्विजय नव्हता, आशा होती, आशाची दोन पोरं होती, आशाचं सासर होतं. मुलीची आई आणखी काय बोलू शकणार होती? तिने बोलू नये असं क्षणभर भिकनलाच वाटलं.

"घोडीवालाना हातमा व्हता," ती म्हणाली.

टायपिस्टने ते शुद्ध मराठीत टाइप केलं. रंजनाने आणखी दोन प्रश्न विचारले, पण तिच्या आवाजातला जोर गेला होता. तपास संपला. जबाब वाचून दाखवला गेला, बाईने अंगठा उठवला आणि ती पिंजऱ्यातून उतरली. दाराकडे जायची वाट भिकनच्या पुढून होती. दिग्विजय वकिलाशी काहीतरी बोलायला वाकला होता.

सुगंधाबाई भिकनसमोर थांबली. काठी काखेत धरून तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. झाकण निघेना, ते भिकननेच काढलं.

"जनावर शे, भिकनभाऊ," ती हळूच म्हणाली. "त्याले काय समजस?"

भिकनने बाटली तोंडाला लावली. पाणी कोमट होतं. त्याने ते थेंबभरही न सांडता सगळं प्यायलं आणि बाटली परत दिली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

रंजनाने मान वळवली होती. तिला शब्द ऐकू आले नव्हते, पण काहीतरी घडलं हे कळलं. ती ताडकन उभी राहिली. "साहेब, साक्षीदार आत्ता प्रतिवादीशी काहीतरी बोलल्या. ते नोंदीवर यावं, अशी माझी विनंती आहे."

सगळं कोर्ट मागे वळलं. दिग्विजय उठून उभा राहिला. सुगंधाबाईचा चेहरा पांढरा पडला. तिने बाटली घट्ट धरली आणि ती नुसती भिकनकडे बघत राहिली.

जजसाहेबांनी चष्मा काढला. "काय म्हणाल्या त्या?"

रंजना मागे येऊन भिकनच्या कानाशी कुजबुजली, "काका, सांगा. बिनधास्त सांगा. याने फरक पडेल."

फरक पडेल हे भिकनला कळत होतं. बाईच आपल्याला दोष देत नाही हे दाखवणाऱ्या तेवढ्या चार शब्दांनी कदाचित शेवंती दाव्यावरून सुटली असती. पण असंच एक बोलणं एकदा दारात उभं राहून बोललं होतं आणि ते कुणीतरी उचलून कागदावर नेलं होतं. ते काय असतं, हे या कोर्टात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. समोरच्या बाईने आता धाडस करून आपल्या वाटणीचं म्हटलं होतं. ते तिच्यावर उलटवायचं? तिच्या जावयासमोर, तिने उठवलेला अंगठा अजून वाळलाही नसताना? भिकनला एकदम फार दमल्यासारखं वाटलं, पण हा थकवा वेगळा होता, काम उरकल्यावर येतो तसा.

"पानी पी ल्या म्हननी, साहेब," तो म्हणाला.

"एवढंच?"

"तितलंच."

जजसाहेबांनी सुगंधाबाईकडे पाहिलं. "खरं आहे?"

"हा साहेब," ती म्हणाली. "पानीनंच बोलनू मी."

कुणीतरी हसलं. जजसाहेबांनी चष्मा घातला आणि पुढची तारीख दिली.

बाहेर व्हरांड्यात रंजना त्याच्यावर चिडली. "काका, ती बोलली होती. मी बघितलं. तुम्ही हातातली गोष्ट घालवलीत."

"ते कोर्टनं नव्हतं, ताई," भिकन म्हणाला. मग त्याला वाईट वाटलं, कारण ही पोरगी त्याच्यासाठी तीन वर्षं भांडत होती, तेही फुकट. त्याने पिशवीतली भाकरी काढली, अर्धी तिला दिली. तिने आधी नको म्हटलं आणि मग त्याच्याशेजारी बाकड्यावर बसून खाल्ली.

घरी पोचला तेव्हा दिवस मावळत होता. धनुबाई शेवंतीला पाणी दाखवत होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने बादली खाली ठेवली.

"बोलनी का?"

"बोलनी."

"कागदवर उनं का?"

"नही. लगाम मन्हा हातमा व्हता, ते उनं कागदवर."

धनुबाई घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिली. तीन वर्षं ती जे ओरडत आली होती ते आत्ता ओरडेल, म्हणून भिकन उभाच राहिला. "मंग शेवंती जाई," ती म्हणाली.

"जाई."

घोडी बादलीतलं पाणी आवाज करत प्यायली. मग धनुबाईने त्याच्याकडे न बघताच विचारलं, "पानी दिन्हं का तिनी?"

"दिन्हं. बाटलीमाईन."

"सगळं पिनात का?"

"सगळं."

"मंग मिटनं," धनुबाई म्हणाली आणि रिकामी बादली उचलून घरात गेली.